पाटी लागली, आता नकाशावर ये

अगं, दुकान काढलंस ते फार चांगलं केलंस. कर्वेनगरात आतल्या गल्लीत का होईना, स्वतःचा गाळा, दोन मशीन, एक इंटरलॉक, हाताखाली एक मुलगी. मावशीला किती आनंद झालाय ते तिच्या आवाजावरूनच कळत होतं. शिवणातलं तुला मी काही सांगायची गरज नाही. बाहीची गोलाई तुझ्याइतकी नेटकी मी फार थोड्या जणींच्या हातची पाहिलीय. पण परवा बोलता बोलता तू म्हणालीस की एकजण दुकानात येऊन गेला, दहा हजार द्या म्हणाला, महिनाभरात गूगलवर पहिल्या नंबरवर आणतो म्हणाला. तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही. तुला ठाऊकच आहे, माझं रोजचं कामच हे आहे, पुण्यातल्या लहान दुकानदारांना गूगलच्या नकाशावर नीट उभं करायचं. म्हणून हे लिहितेय. पैसे देण्याआधी सावकाश वाच.

त्या माणसाला काही देऊ नकोस. तो जे विकतोय ते त्याच्याकडे नाहीच. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गूगलनेच जाहीर लिहून ठेवलंय. नकाशावर वर येण्यासाठी पैसे भरायची सोयही त्यांनी ठेवलेली नाही. जाहिरात निराळी, तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. आणि पहिला नंबर म्हणजे तरी कुठला? करिश्मा सोसायटीच्या चौकात उभी राहून एखादी ‘ब्लाउज टेलर’ शोधते तेव्हा तिला एक यादी दिसते, वारज्याच्या पुलाजवळच्या बाईला दुसरीच, आणि वाकडमधल्या बाईला तुझं नाव बहुधा दिसणारच नाही. दिसून उपयोगही नाही. ब्लाउजच्या मापाला, ट्रायलला आणि न्यायला मिळून तीन खेपा घालायला वाकडहून कोण येतंय?

गूगल तीन गोष्टी पाहतं आणि त्या लपवतही नाही. शोधणारीला जे हवंय त्याच्याशी तुझं काम किती जुळतं, ती आहे तिथून तू किती लांब आहेस, आणि तुझं नाव लोकांत किती झालंय. यातलं अंतर तुझ्या हातात नाही, गाळा जिथे आहे तिथेच आहे. जुळणं पूर्णपणे तुझ्या हातात आहे. नाव होणं हे हळूहळू, कामातून आणि लोकांच्या सांगण्यातून. नकाशाखाली पूर्वी सात दुकानं दिसायची, ऑगस्ट २०१५ पासून तीनच दिसतात. त्या तिनांत तू रोज असावंस असा हट्ट धरू नकोस. कर्वेनगर, डहाणूकर कॉलनी, हिंगणे होम कॉलनी एवढ्या टापूतली बाई शोधायला लागली की तिला तू सापडावंस, आणि सापडल्यावर तिला जे दिसेल ते खरं असावं. माझं सगळं सांगणं एवढ्याभोवतीच आहे.

आता पहिलं काम, आणि हे आजच कर. दुकानाची गूगलवरची नोंद तुझ्या स्वतःच्या जीमेलवरून काढ. हिला पूर्वी गूगल माय बिझनेस म्हणायचे, २०२१ च्या नोव्हेंबरपासून गूगल बिझनेस प्रोफाइल म्हणतात. माझ्याकडे मागे एक काकू आल्या, त्यांचं पोळीभाजी केंद्र. मुलाच्या मित्राने हौसेने नोंद काढून दिली होती, त्याच्या स्वतःच्या ईमेलवर. तो पुढे परदेशी गेला, त्याचा नंबर बदलला. काकूंनी जागा बदलली तरी नकाशा गिऱ्हाइकांना जुन्याच गाळ्यापाशी नेत राहिला, आणि रिव्ह्यूंना उत्तर द्यायचीही त्यांना सोय उरली नव्हती. मालकी मागायचा रस्ता असतो, अर्ज करायचा, आधीच्या मालकाच्या उत्तराची वाट पाहायची, नाहीच आलं तर दुकान आपलं आहे हे पुन्हा सिद्ध करायचं. मिळाली शेवटी त्यांना. पण ऐन लग्नसराई त्यात गेली. कुणाची मदत घ्यायची झाली, अगदी माझी घेतलीस तरी, त्याला ‘मॅनेजर’ म्हणून जोड. मालक तू. मॅनेजरला तू कधीही काढू शकतेस. पासवर्ड कुणाला द्यायचा नाही, आणि फोनवर आलेला ओटीपी तर कुणालाच नाही. ‘गूगलमधून बोलतोय, तुमची नोंद बंद होणार आहे, नूतनीकरणाचे पैसे भरा’ असा फोन तुलाही येईल, पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक दुकानदाराला येतो. ही नोंद फुकट असते, तिला नूतनीकरण नसतं. फोन ठेवून दे. पैसे गेलेच कधी, तर लाजत बसू नकोस, लगेच १९३० वर फोन कर. सायबर फसवणुकीसाठी सरकारने ठेवलेला नंबर आहे तो.

नाव लिहिताना पाटीवर जे आहे तेच लिही. तो माणूस तुला सांगेल की नावापुढे ‘बेस्ट ब्लाउज टेलर इन कर्वेनगर कोथरूड पुणे’ असं जोडा. अशा नावाने काही दिवस फायदा होतो, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण ते नियमाविरुद्ध आहे, आणि तुझ्याच शेजारचा कुणी ‘हे नाव खरं नाही’ म्हणून कळवू शकतो. तशा तक्रारीचा अर्जच गूगलने २०१९ पासून ठेवलाय. मग नाव तरी कापलं जातं, नाही तर सगळी नोंदच स्थगित होते. तू पाटीवर मराठीत मोठं नाव लिहिलंयस, खाली इंग्रजी बारीक, ते अगदी योग्य. एक मात्र कर. फोनची भाषा मराठी करून आपलं दुकान नकाशावर बघ. २०२१ च्या जानेवारीपासून गूगल इंग्रजी नावांचं दहा भारतीय भाषांत आपोआप लिप्यंतर करतं, त्यात मराठीही आहे. यंत्रच ते, कधी ‘ळ’चा ‘ल’ होतो, कधी नावाचं भलतंच काही होतं. तसं दिसलं तर तिथूनच दुरुस्ती सुचवता येते.

नावानंतर प्रकार, म्हणजे कॅटेगरी. इथे माझं ऐकच. एक मुख्य प्रकार निवडायचा असतो आणि वर आणखी नऊपर्यंत जोडता येतात, तेही गूगलने दिलेल्या यादीतूनच. तुझ्यासारख्या कितीतरी जणी ‘महिलांच्या कपड्यांचं दुकान’ निवडतात, ऐकायला भारदस्त वाटतं म्हणून. मग तुझी गाठ थेट लक्ष्मी रोडवरच्या तीन मजली दुकानांशी पडते. तू कपडे विकत नाहीस, शिवतेस. मुख्य प्रकार ‘टेलर’ ठेव. खाली ‘ड्रेसमेकर’ आणि कपडे दुरुस्त करून देण्याचा जो प्रकार आहे तो जोड, बस. उरलेलं सेवांच्या यादीत लिही, आणि बायका जे बोलतात तेच शब्द लिही: अस्तराचा ब्लाउज, कटोरी, प्रिन्सेस कट, पैठणीचा ब्लाउज, खणाचं परकर-पोलकं, नऊवारी शिवून, फॉल-पिको, ब्लाउज सैल करणे. ते ‘सैल करणे’ विसरू नकोस. बाळंतपणानंतर जुन्या ब्लाउजांचा गठ्ठा घेऊन येणारी बाई हे तुझं सगळ्यात टिकाऊ गिऱ्हाईक आहे.

आता पत्ता. पुण्यात पत्ता सांगायची आपली रीत तुला ठाऊक आहे. जिलब्या मारुतीपासून आत, पासोड्या विठोबाच्या समोर, खुन्या मुरलीधराच्या बोळात. घर नंबर कुणी विचारत नाही, देऊळ विचारतात. पेठांत एका घर नंबराखाली अख्खा वाडा, आणि वाड्याच्या जागी आता इमारत. उपनगरांत सर्व्हे नंबर, त्यात सोसायटी, तिच्यात विंग. यंत्राला यातलं काही धड उमगत नाही, ते पिन कुठेतरी मुख्य रस्त्यावर टोचून मोकळं होतं. तू स्वतः गाळ्याच्या दारात उभी राहा, नकाशा मोठा कर आणि पिन बोटाने ओढून शटरवर आणून ठेव. ओळखीच्या चारपाच बायकांना नकाशाने यायला सांग, कुठे चुकतात ते बघ. वर्णनाला साडेसातशे अक्षरं मिळतात, त्यात जवळची खूण लिही, गाडी कुठे लावायची तेही लिही. बाईला दुचाकी लावायला जागा आहे की नाही यावर ती येणं ठरवते, खरंच सांगते. आणि तू घरूनच काम करत असतीस, गिऱ्हाईक घरी येत नसतं, तर मी तुला पत्ता झाकायला सांगितलं असतं. तुझ्या त्या घरून फराळ करणाऱ्या मैत्रिणीला सांग, पत्ता लपवून फक्त कुठल्या भागांत पोचवते तेवढं दाखवता येतं. घरचा पत्ता जगाला दाखवायची तिला काहीच गरज नाही.

पडताळणीला तुला व्हिडिओ मागतील, बहुतेकांना हल्ली तोच मागतात. घाबरण्यासारखं काही नाही, पण एकदाच, न थांबवता घ्यायचा असतो, म्हणून आधी मनात आखून घे. सकाळी दुकान उघडायच्या वेळी घे. गल्लीच्या तोंडाशी उभी राहून सुरुवात कर, रस्त्याच्या नावाची पाटी येऊ दे, शेजारचं किराणा दुकान येऊ दे. चालत ये, तुझी पाटी नीट वाचता येईल इतका वेळ फोन स्थिर धर. मग कॅमेरा चालू ठेवूनच कुलूप काढ आणि शटर वर कर. त्यावरूनच कळतं की दुकान तुझं आहे. नुसता बाहेरून घेतलेला व्हिडिओ परत येतो. आत गेलीस की मशीन, इंटरलॉक, कापायचं टेबल, तयार ब्लाउजांचा दांडा दाखव. शेवटी दुकानाच्या नावाचं बिलबुक आणि शॉप अ‍ॅक्टची पावती. कुणा गिऱ्हाइकाचा चेहरा, बँकेचे कागद, आधार कार्ड यांतलं काही त्यात येऊ देऊ नकोस.

कागदांचं बोलतेच आहे तर, एक फाइल करून ठेव. शॉप अ‍ॅक्ट म्हणजे आपल्याकडे आता २०१७ चा कायदा, तुझ्यासारख्या लहान दुकानाला नुसती ऑनलाइन सूचना पुरते. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिच्यासाठीही कुणाला पैसे देऊ नकोस. भाडेकरार, लाइट बिल. या सगळ्यांवर दुकानाचं नाव आणि पत्ता अक्षरशः सारखा हवा. का सांगते, ऐक. काही वेळा आपली चूक नसतानाही नोंद स्थगित होते. मग दाद मागायची असते, आणि ते अपील पाठवलं की कागद जोडायला तासाभराचीच मुदत मिळते. त्या तासात लाइट बिल शोधायला घरी धावत जाणारी बाई मी पाहिलीय. कागद आधी फोनमध्ये घे, मग अपीलाचं बटण दाब. आणि नोंद स्थगित झाली म्हणून घाईने दुसरी नवी काढू नकोस, त्याने गुंता दुप्पट होतो.

वेळा खऱ्या लिही. तू दुपारी एक ते चार बंद ठेवतेस, तर तसंच लिही. एका दिवसाला दोन वेळा टाकता येतात, सकाळची वेगळी आणि संध्याकाळची वेगळी. यात एक मोलाची गोष्ट सांगते. २०२३ च्या शेवटी जगभर हेच काम करणाऱ्या लोकांच्या लक्षात आलं की दुकान बंद असण्याच्या वेळी ते यादीत खाली जातंय. कॅनडातल्या जॉय हॉकिन्स नावाच्या बाईंनी ते उघड मांडलं, आणि त्या डिसेंबरात गूगलच्या डॅनी सुलिव्हन यांनी मान्य केलं की हो, दुकान उघडं आहे का याला आता जास्त वजन दिलंय. लगेच काहींनी ‘चोवीस तास उघडं’ असं लिहून टाकलं. सुलिव्हन यांनी तसं करू नका असंही सांगितलं. तू विचार कर, रात्री साडेदहाला एखादी बाई दुसऱ्या दिवशीच्या लग्नाचा ब्लाउज उसवला म्हणून रिक्षा करून येते आणि शटर बंद. ती पुन्हा तुझ्याकडे येणार नाही, आणि चार जणींना सांगेल ते वेगळंच. सणासुदीच्या वेळा वेगळ्या टाकता येतात, त्या टाक. विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असतात, पालख्या मुक्कामाला येतात तेव्हा नाना पेठ, भवानी पेठेतल्या दुकानांचं सगळं वेळापत्रक बदलतं. तुझ्यासाठी मात्र सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दिवाळीच्या ऑर्डर कधी बंद करतेस ते. दुकानात कागद चिकटवतेस ना, ‘दिवाळीची शिलाई अमुक तारखेपर्यंतच’? तेच नोंदीवरही लिही.

फोटो तुझ्या हातच्या कामाचेच टाक. इंटरनेटवरून उतरवलेले मॉडेलचे ब्लाउज टाकणारे किती आहेत म्हणून सांगू! बाई तसा मागते, तिला तसा मिळत नाही, आणि भांडण तिथे सुरू होतं. तू आतली बाजू दाखव. अस्तर कसं बसवलंय, पायपिंग कशी एकसारखी आलीय, हूक-आय हाताने कशी लावलीस. शिवणातलं कळणारी बाई आतूनच ब्लाउज बघते. खिडकीच्या उजेडात काढलेला एक फोटो पुरे, फोटोग्राफर नको. कुणी अंगावर घातलेला फोटो टाकायचा तर तिला स्पष्ट विचारून, आणि ती नको म्हणाली तर विषय तिथेच संपला.

आता रिव्ह्यू. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथेच चांगल्या घरच्या, चांगलं काम करणाऱ्या मुली घसरतात. तो माणूस तुला पन्नास रिव्ह्यूंचं पॅकेज पण देतो म्हणाला ना? ते घेतलंस तर मी तुझ्याशी बोलेन, पण मला फार वाईट वाटेल. जिने कधी तुझ्या दुकानाची पायरी चढली नाही तिच्या नावाने ‘एक्सलंट सर्व्हिस’ लिहून घ्यायचं, आणि दुसऱ्या खऱ्या बाईने ते वाचून आपल्या आईची पैठणी तुझ्या कात्रीखाली द्यायची. हा विश्वास ती कुणाच्या भरवशावर ठेवते? नियमाचंही बघ. गूगलने २०२४ या एका वर्षात २४ कोटींहून जास्त नियमबाह्य रिव्ह्यू अडवले किंवा काढले, आणि एक कोटी वीस लाखांहून जास्त खोटी दुकानं. ब्रिटनमध्ये २०२५ च्या जानेवारीत तिथल्या स्पर्धा नियामकाने गूगलकडून कबूल करून घेतलं की खोट्या रिव्ह्यूंनी आपलं रेटिंग फुगवणाऱ्या दुकानाच्या नोंदीवर तसा इशारा लावायचा. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. ते ऐच्छिक आहे, पण वारं कुठल्या दिशेला आहे ते तुला कळेल.

खरा रिव्ह्यू मात्र न लाजता माग. मागण्यात काही कमीपणा नाही आणि नियमातही बसतं. मागायची वेळ म्हणजे ट्रायल झाल्यावर, बाई आरशात वळून पाठ बघते आणि तिचा चेहरा सैलावतो, तेव्हा. ‘काकू, घरी गेल्यावर सवडीने दोन ओळी लिहाल का? काय शिवलं तेवढं लिहा.’ एवढंच. ‘पाच स्टार द्या’ म्हणू नकोस. ‘रिव्ह्यू दिलात तर फॉल-पिको फुकट’ हे तर अजिबात नाही, बदल्यात काहीही द्यायला बंदी आहे. फक्त खूश असलेल्यांनाच विचारायचं आणि नाराज असलेल्यांना गाळायचं, तेही चालत नाही. लिंकचा क्यूआर कोड मिळतो, तो बिलबुकाच्या मागे चिकटव. तुझ्या फोनवरून लिहून घेऊ नकोस, तिला तिच्या घरी, तिच्या शब्दांत लिहू दे. ‘माझ्या आईच्या चाळीस वर्षं जुन्या इरकलीचा ब्लाउज, काठ न कापता बाहीला बरोबर आणला’ अशी एक ओळ शंभर ‘गुड’पेक्षा जास्त काम करते. शोधणारीलाही ती पटते आणि तुझं काम काय आहे ते गूगललाही कळतं. आणि हो, घरच्यांनी लिहायचं नाही. मी लिहिणार नाही, मावशीलाही सांगून ठेव.

एक दिवस एक स्टारही येईल. येतोच. त्या दिवशी लगेच उत्तर देऊ नकोस, जेव, झोप, सकाळी दे. पुण्यात आपल्या जिभेला धार फार, आणि ‘माप तुम्हीच चुकीचं दिलंत’ लिहायला दोन सेकंदही लागत नाहीत. समज, कुणी लिहिलं की ब्लाउज उशिरा दिला आणि बाही घट्ट झाली. तू असं लिही: ‘नमस्कार. लग्नाच्या गडबडीत ब्लाउज उशिरा मिळाल्याने तुमची गैरसोय झाली, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. बाहीत माया सोडलेली आहे. दुकानात आणून दिलात तर त्याच दिवशी सैल करून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.’ आणि खरंच तसं कर. हे उत्तर तिच्यासाठी आहेच, पण पुढे वाचणाऱ्या दहा जणींसाठीही आहे. उत्तरात गिऱ्हाइकाचं माप, तिने दिलेले पैसे, तिचा नंबर यातलं काहीही कधी लिहायचं नाही. अंगाच्या मापाची गोष्ट आहे, बाई तुझ्यावर भरवसा ठेवून मापाचा ब्लाउज देते. कुणी एकदम चारपाच खोटे एक स्टार टाकून ‘काढायचे असतील तर पैसे पाठवा’ असा निरोप केला, तर पैसे पाठवू नकोस. स्क्रीनशॉट घे, प्रत्येक रिव्ह्यूची तक्रार कर आणि मला कळव.

तू विचारशील, ताई, मग पैसे देऊन माणूस ठेवूच नये का? तसं नाही. हे काम मनापासून करणारी माणसं आहेत, पुण्यातही आणि बाहेरही. आम्ही एकमेकांना विचारूनच शिकतो, कारण गूगल सगळं सांगत नाही. डेव्हिड मिम यांनी २००८ मध्ये या धंद्यातल्या जाणकारांना विचारून, कशाने दुकान वर येतं याची पाहणी सुरू केली, ती पुढे डॅरेन शॉ यांनी चालवली. सप्टेंबर २०१६ मध्ये एकाच इमारतीतल्या एकाच प्रकारच्या दुकानांपैकी एखादंच दिसायला लागलं, तेव्हा कुणाला काही कळेना. याच मंडळींनी आपापल्या गावची उदाहरणं एकत्र केली, त्या बदलाला ‘पॉसम’ असं नाव दिलं. डिसेंबर २०२१ मध्ये जवळच्या दुकानांना जास्त वजन आलं आणि नावात शब्द कोंबणाऱ्यांचं घटलं, त्याला ‘व्हिसिनिटी’ म्हणतात. तो बदल तुझ्यासारख्या गल्लीतल्या दुकानाच्या फायद्याचा होता. स्थगित झालेली नोंद कशी सोडवायची हे अनोळखी दुकानदाराला रात्री जागून समजावणारी माणसं मी यांच्यात पाहिलीयत, एक पैसा न घेता. मला या कामाबद्दल आदर वाटतो तो त्यांच्यामुळे. म्हणून ‘दहा हजारांत पहिला नंबर’वाल्यांचा मला इतका राग येतो. ते याच कामाचं नाव लावून फिरतात.

चांगला माणूस ओळखायचा कसा? तो तुला आधी प्रश्न विचारतो. कुठून गिऱ्हाईक येतं, कुठलं काम तुला जास्त हवंय, महिन्याला किती ब्लाउज निघतात. हमी देत नाही. नोंद तुझ्याच नावावर ठेवतो. काय केलं ते महिन्याला लिहून देतो. तुला सध्या अशा माणसाची गरज नाही, तुझं सगळं काम आठवड्यातून अर्धा तास दिलास तर तूच करशील. जस्टडायलवर नोंद असेल तर तिथला नंबर आणि पत्ता हाच आहे ना ते बघ. १९९६ पासूनची कंपनी आहे, अजूनही जुनी पिढी तिथे विचारते. जुना नंबर कुठेतरी राहून गेला की गिऱ्हाईक हरवतं. इन्स्टाग्रामवरही तेच नाव, तोच नंबर. पोस्ट रोज टाकायच्या मागे लागू नकोस.

आणि ऑर्डरच्या वहीत एक रकाना वाढव. नवीन बाई आली की माप घेताना सहज विचार, ‘आमचं नाव कुठून कळलं?’ आणि लिहून ठेव: नकाशा, शेजारीण, पाटी, इन्स्टा. नोंदीतही किती जणींनी फोन केला, किती जणींनी रस्ता विचारला, कुठल्या शब्दांनी शोधलं ते दिसतं. वहीतलं आणि तिथलं शेजारी ठेवून बघ. ‘नऊवारी शिवून’ शोधून बायका येत असतील तर त्याचे फोटो वाढव. शेजारणीकडूनच जास्त येत असतील तर त्या शेजारणीच्या कामाला कधी उशीर होऊ देऊ नकोस.

गणपतीच्या आधी एवढं झालं पाहिजे, कारण गौरींच्या साड्यांचे ब्लाउज तेव्हाच येतात. आधी ईमेल, मग नाव आणि प्रकार, मग पिन, मग व्हिडिओ. व्हिडिओ पाठवण्याआधी मला दाखव. मी रात्री नऊनंतर मोकळी असते, कधीही फोन कर. आणि तो दहा हजारवाला परत आला तर त्याला सांग, आमच्या ताईशी बोला.